हरभरा: उंची राहू द्या, भरलेले घाटे मोजा

सोयाबीन निघून रान मोकळं झालंय, परतीच्या पावसाची ओल अजून खाली आहे आणि कृषी सेवा केंद्रांवर हरभऱ्याच्या बियाण्यासाठी गर्दी सुरू झाली आहे. जिरायत हरभरा बहुतेकांचा पेरून झाला असेल, कारण त्याची वेळच २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. बागायत पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या दिवसांत साधायची आहे, म्हणजे थोडा विचार करायला अजून वाव आहे.

विचार करायचा तो यंदा झाडाकडे बघताना काय बघायचं याचा. डिसेंबरात बांधावर दोघे भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘केवढा झालाय?’ उत्तर हातानेच मिळतं, गुडघ्याच्या वर. ज्याचा हात जास्त वर, त्याचं पीक जोरात असं धरून चालायचं. मळणीच्या दिवशी मात्र पोती मोजताना तोच गडी गप्प होतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे गावोगावी असतात आणि त्यातले निम्मे हातात टॉनिकची बाटली घेऊन येतात. दाट, उंच, काळंभोर पीक बघून मन भरतं, पण त्यातून कोठार भरेलच असं नाही.

साधा हिशेब मांडून बघा. एकरी उत्पादन म्हणजे चार आकड्यांचा गुणाकार: एकरातली झाडं, एका झाडावरचे भरलेले घाटे (हरभऱ्याच्या शेंगा), घाट्यातले दाणे आणि दाण्याचं वजन. विजय वाणाचे शंभर दाणे साधारण १६ ग्रॅम भरतात. एकरात एक लाख झाडं उभी आहेत, दर झाडाला ४० भरलेले घाटे आहेत आणि दहा घाट्यांत मिळून १२ दाणे निघतात असं धरलं, तर ७६८ किलो होतात, म्हणजे पावणेआठ क्विंटलच्या आसपास. तेवढ्याच झाडांवर ४० ऐवजी ३० घाटे लागले की ५७६ किलो. दहा घाट्यांनी जवळजवळ दोन क्विंटल नेले. या गुणाकारात उंचीला जागा कुठेच नाही.

पैदासकार नवा वाण निवडताना झाडाच्या गुणांचा आणि उत्पादनाचा सहसंबंध काढतात. हरभऱ्यात फिरून फिरून तेच दिसतं. झाडावरचे घाटे, दुय्यम फांद्या, झाडाचं एकूण वाळलेलं वजन आणि त्या वजनात दाण्याचा वाटा किती, या गोष्टींचं उत्पादनाशी घट्ट नातं असतं. उंचीचं नातं कुठे थोडंसं सापडतं, कुठे अजिबात नाही, कुठे तर उलटं. फांद्यांचंही एक खरं आहे: नुसती फांदी दाणा देत नाही, ती घाट्यांना जागा देते. उशिरा फुटलेली, फुलं न धरलेली फांदी झाडाला भारच असते. म्हणून मोजायच्या त्या घाटे धरलेल्या फांद्या.

दाण्याच्या आकाराचं गणित थोडं फसवं आहे. दिग्विजयचे शंभर दाणे २४ ग्रॅमच्या घरात, विशालचे २८, काबुली विराटचे ३५, तर कृपाचे ५९ ग्रॅमच्या पुढे. मग टपोराच वाण घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण दाणा वाढला की झाडावरचे घाटे कमी होतात. झाडाने बनवलेलं अन्न तेवढंच असतं, ते दोनपैकी एकीकडे जातं. टपोऱ्या काबुलीचा फायदा बाजारभावात आहे, वजनात असेलच असं नाही. आणि त्याला पाण्याची हमी लागते. विहिरीला जानेवारीअखेर पाणी टिकत नसेल, तर विजय, जॅकी ९२१८ किंवा बदनापूरचा आकाश यांसारखे मध्यम-लहान दाण्याचे वाण मला जास्त भरवशाचे वाटतात.

उंचीला महत्त्व येतं ते एकाच ठिकाणी, हार्वेस्टरने काढणी करायची असेल तेव्हा. पसरट वाणांचे खालचे घाटे जमिनीला टेकलेले असतात, यंत्राचं पातं तिथवर जात नाही आणि तेवढा माल रानातच राहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २०१६ मध्ये दिलेला फुले विक्रम यासाठीच उंच, उभट आणि जमिनीपासून वर घाटे धरणारा निवडला आहे. तिथेही बघायचं ते पहिला घाटा जमिनीपासून किती वर आहे हे. शेंडा कुठवर गेला याला काही अर्थ नाही.

पेरताना

झाडांची संख्या पेरणीच्या दिवशीच ठरते, नंतर ती फक्त घटते. ३० बाय १० सेंटीमीटरवर एकरात १ लाख ३५ हजार जागा होतात. विजयसारखा १६ ग्रॅमचा दाणा असेल तर तेवढ्या बिया साडेएकवीस किलोत बसतात. न उगवणाऱ्या आणि मरणाऱ्यांसाठी पाचव्या हिश्शाएवढं जास्त धरलं की एकरी २६ किलो. २४ ग्रॅमच्या दाण्याला हाच हिशेब ४० किलोच्या आसपास जातो. विद्यापीठाच्या शिफारशीतले हेक्टरी ६५ आणि १०० किलो हे असेच येतात. तरी दरवर्षी सगळ्या वाणांना ‘एकरी एक बॅग’ या न्यायाने पेरलं जातं. बॅग तीस किलोची, दाणा टपोरा, म्हणजे रान विरळ. दाणा बारीक, म्हणजे रान गच्च. पेरण्याआधी शंभर दाणे मोजून सोनाराकडच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

गच्च पेरलेला हरभरा उंच होतो, हे लक्षात ठेवा. उजेडासाठी झाडं एकमेकांवर चढाओढ करतात, खोड बारीक राहतं, खालच्या फांद्या फुटतच नाहीत आणि शेंड्याकडे चार घाटे लागतात. बांधावरून बघणाऱ्याला हेच पीक जोमदार दिसतं. उलट थोडं विरळ झालं तर हरभरा फांद्या फोडून जागा बरीच भरून काढतो. मात्र त्याला मर्यादा आहे. एकरी साठ-सत्तर हजार झाडांवर आलेली तूट एकेका झाडाने कितीही पसरून भरून निघत नाही. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत ओळीतून फिरा आणि मोठे नांगे, म्हणजे ओळीत रिकाम्या जागा, असतील तर तेव्हाच टोकून घ्या.

मर रोगाने वाळून गेलेलं झाड हाही नांगाच. त्यामुळे बीजप्रक्रिया चुकवू नका. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, त्यानंतर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू दर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम प्रत्येकी लावा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. ओल खाली गेली असेल तर दाणा सात-आठ सेंटीमीटर खोल पडू द्या, पाण्याखालच्या रानात पाच पुरे. खताची मात्रा एकरी ५० किलो डीएपी आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, पेरतानाच.

दहा नोव्हेंबरनंतर पेरणार असाल तर झाडाला फांद्या फोडायला मिळणारे थंडीचे दिवस कमी होतात आणि दाणे भरण्याच्या वेळी ऊन वाढलेलं असतं. झाड लहान राहतं, फांद्या मोजक्याच येतात. अशा वेळी बियाणं थोडं वाढवून झाडांची संख्या वाढवा. खत वाढवून ती कसर भरत नाही.

पहिले चाळीस दिवस

हंगामातली खरी कमाई इथे आहे आणि नेमकं इथेच रानात कोणी फिरकत नाही. खालच्या दोन-तीन प्राथमिक फांद्या आणि त्यांवरच्या दुय्यम फांद्या याच काळात फुटतात. तण असेल तर ती सावली थेट या खालच्या डोळ्यांवर पडते. विसाव्या दिवसाच्या आसपास कोळपणी आणि महिन्याच्या आत खुरपणी उरकली पाहिजे. पंचेचाळीस दिवसांनी तण काढून रान साफ दिसेल, पण फुटायच्या फांद्या तोवर हुकलेल्या असतात.

शेंडे खुडणीबद्दल दरवर्षी विचारणा होते. पीक तीस-पस्तीस दिवसांचं आणि वीतभर उंच असताना वरचा कोवळा शेंडा, दोन बोटांच्या पेराएवढा, नखाने तोडायचा. शेंड्याची वर जाण्याची ओढ थांबते आणि बाजूचे डोळे फुटतात. खुडलेल्या पाल्याची भाजी आठवडी बाजारात चांगली जाते, त्यातून मजुरी बरीचशी सुटते. मात्र फवारणी झालेली असेल तर ती भाजी बाजारातही नेऊ नका आणि घरीही खाऊ नका. कुठे खुडू नये हेही सांगायला हवं: हलक्या, ओल कमी असलेल्या रानात, उशिरा पेरलेल्या पिकात, कळ्या दिसायला लागल्यावर आणि यंत्राने काढायच्या हरभऱ्यात. पहिल्या दोन ठिकाणी झाडाला नव्या फांद्या पोसायला ना ओल असते ना दिवस. तुरीत पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी शेंडा खुडतात त्यामागचं कारणही हेच, फक्त तुरीच्या हातात महिने असतात, हरभऱ्याकडे आठवडे.

याच सुमारास दोन-तीन झाडं मातीसकट खुरप्याने उचला आणि मुळं पाण्यात हलकेच धुवा. हिसडून उपटलं तर गाठी मातीतच राहतात. मुळावरची मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसलं की नत्राचा कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नावालाच गाठ. तांबूस गाठी भरपूर असताना वरून युरिया फेकणं म्हणजे पैसे देऊन पीक माजवणं. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींकडे पाठ फिरवतं आणि पाला वाढवत बसतं.

पाणी, आणि माजलेला हरभरा

हरभरा हा वाढत वाढतच फुलणारा गडी. गव्हाला ओंबी आली की पुढची पानं येणं थांबतं, हरभऱ्यात तसं होत नाही. फुलं लागत असतानाही शेंड्याची वाढ चालूच असते. ओल आणि नत्र मुबलक असेल तोवर झाडाला दाणे भरण्याची घाई नसते. ओल हळूहळू ओढत गेली की ते वाढ आवरतं आणि अन्न घाट्याकडे वळवतं. पाण्याचा सगळा खेळ हे वळण वेळेवर आणण्याचा आहे.

मध्यम ते भारी जमिनीत दोन पाण्यांत काम भागतं. पहिलं तीस-पस्तीस दिवसांनी, फुलोऱ्याच्या आधी. दुसरं पासष्ट-सत्तर दिवसांनी, घाटे भरताना. हलक्या रानात तीन: वीस-पंचवीस, पंचेचाळीस-पन्नास आणि साठ-पासष्ट दिवसांनी. भेगा पडेपर्यंत थांबू नका, कारण भेगांतून शिरलेलं पाणी मुळाशी साचतं आणि हरभरा उभळतो. काळ्या रानात पाट भरून पाणी दिल्यावर चार दिवसांत पट्टेच्या पट्टे पिवळे पडतात, ते बहुतेक वेळा यामुळेच. तुषार संच असेल तर तो वापरा, पाणी बेताचं बसतं. भर फुलोऱ्यात मात्र तुषार चालवू नका. ‘शेजाऱ्याने दिलं म्हणून’ चौथं पाणी देणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी दोन फांद्या हातात धरून वरची पेरं बघा. पेरं लांबलेली, पानं मोठी, काळसर हिरवी आणि फुलं कमी असतील तर झाड माजायच्या मार्गावर आहे. त्याला पाणी, युरिया आणि टॉनिक तिन्ही बंद.

सोयाबीनच्या गेल्या काही हंगामांत पाऊस लांबला तिथे हेच पाहिलं असेल. कमरेएवढं पीक आणि आत शेंगा विरळ. द्विदल पिकांचा स्वभाव बराचसा सारखाच, पाल्याचा लाड केला की दाणा रुसतो.

फुलोरा ते घाटे

पहिली काही फुलं धरली नाहीत म्हणून घाबरून फवारणी करू नका. कडाक्याच्या थंडीत किंवा सलग ढगाळ हवेत सुरुवातीची फुलं वांझ जातात, हे हरभऱ्यात नेहमीचं आहे. आठवड्यानंतरही गळ चालू असेल तर मग ओल आणि माजलेपणा तपासा. फुलोऱ्यात आणि त्यानंतर दहा दिवसांनी दोन टक्के युरियाची फवारणी मात्र उपयोगी पडते, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. जमिनीतून दिलेल्या युरियाला नको म्हटलं आणि हा कसा चालतो, असा प्रश्न येईल. घाटे भरताना मुळावरच्या गाठी थकतात आणि झाड पानांतलं नत्र दाण्यांकडे ओढायला लागतं. थोडं नत्र पानावरूनच मिळालं तर पान चार दिवस जास्त हिरवं राहून दाणा भरतं. माजलेल्या रानात ही फवारणी टाळा.

घाटे अळीचा हिशेबही त्याच गुणाकारात बसतो. एक अळी तिच्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे पोखरते, म्हणजे आपण वर धरलेलं एक अख्खं झाड. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आणि वीसेक पक्षिथांबे फुलोऱ्याआधीच लावा. पेरताना मूठभर ज्वारी मिसळली असेल तर ताटं आपोआप थांब्यांचं काम करतात. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग दिसले किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या सापडल्या की पाऊल उचला. अळी लहान असताना पाच टक्के निंबोळी अर्क किंवा संध्याकाळच्या वेळी एचएएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीला रोग आणणारा विषाणू. डोकं घाट्यात आणि अर्धं अंग बाहेर अशी मोठी अळी दिसत असेल तर इमामेक्टिन बेंझोएट किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, लेबलावरच्या मात्रेत. दोन औषधं एका पंपात कालवू नका.

मोजणी

घाटे भरत आले, खालची पानं पिवळी व्हायला लागली की एक सकाळ मोजणीला द्या. दव वाळल्यावरच जा, नाहीतर आंबेने, म्हणजे झाडावरच्या आंबट ओलाव्याने, पोटऱ्या चरचरतात. बांधाकडच्या चार ओळी सोडून आत शिरा. बांधालगतच्या झाडाला उजेड आणि ओल जास्त मिळते, ते नेहमीच लेकुरवाळं दिसतं आणि अंदाज फसवतं. रानात पाच वेगवेगळ्या जागी मीटरभर काठी ओळीला लावा आणि झाडं मोजा. तीस सेंटीमीटरच्या ओळीत मीटरला सात-आठ झाडं म्हणजे एकरी लाखभर. त्यातलं मधलं, सर्वसाधारण दिसणारं एक झाड काढून सगळे घाटे दोन बोटांत दाबून बघा. दाबला गेला तो पोचा, त्याला बाजूला ठेवा.

पाच जागांची सरासरी वहीत लिहिली की काय चुकलं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. झाडं मीटरला पाच आणि घाटे पन्नासच्या वर असतील तर वाण चांगला आहे, पेरणी किंवा मर नडली. झाडं दहा-बारा, घाटे पंधरा-वीस, उंची मांडीपर्यंत असेल तर बियाणं जास्त पडलं किंवा पीक माजलं. घाटे भरपूर पण चारातला एक पोचा असेल तर फुलोऱ्यानंतर ओल तुटली, नाहीतर उशिराच्या पेरणीला ऊन लागलं. घाटे भरलेले, पण दाणे त्या वाणाच्या मानाने बारीक निघाले तर शेवटचं पाणी चुकलं का ते बघा. पोखरलेल्या घाट्यांची वेगळी ओळ लिहा. ही वही पुढच्या ऑक्टोबरात दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

याच फेरीत पुढच्या वर्षीच्या बियाण्याचंही बघता येईल. हरभरा स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे घरचं बियाणं तीनेक वर्षं बिनधास्त चालतं. पण सगळ्यात मोठं, शंभर घाट्यांचं झाड हेरून त्याचंच बियाणं वेगळं ठेवण्याने फारसं काही साधत नाही. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर हे दाखवून दिलं होतं. एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे पेरा किंवा बारीक, पुढच्या पिढीचे दाणे सरासरीने सारखेच निघतात. तुमच्या रानातलं ते झाड मोठं झालं ते शेजारी नांगा होता म्हणून. त्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या फुलाची, वेगळ्या पानाची, वेगळ्या वेळी पिकणारी भेसळीची झाडं आणि मरीची झाडं उपटून टाका, आणि रानातला एकसारखा तुकडा बियाण्यासाठी राखा.

तो तुकडा घाटे वाळून पान गळल्यावर सकाळच्या गारव्यात कापा, म्हणजे घाटे फुटून सांडत नाहीत. मळणी वेगळी करा, दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत उन्हात वाळवा आणि पोत्यावर वाणाचं नाव, साल आणि शंभर दाण्यांचं वजन मार्करने लिहून ठेवा.